मनात काही नाही



मागच्या अंकाच्या मलपृष्ठावर आम्ही बावीस प्रतिज्ञा छापल्या. त्यावर एक पत्र आलंय. पत्र पाठवणारे गृहस्थ आमचे जुने वर्गणीदार. आमच्यातले नव्हेत, वरच्या आळीतले. पण वर्गणी कधी चुकवली नाही, उलट दरसाल शंभर-दोनशे वरच पाठवतात. आमच्या एका पोराला पोलिसांनी रात्री उचललं तेव्हा सकाळी कोर्टात जामिनाला उभा राहिलेला हा माणूस. तेव्हा त्यांचं पत्र टोपलीत टाकता येत नाही. टाकायचंही नाही.

ते म्हणतात, तुम्ही मंडळी नकारात फार अडकलात. बावीसातल्या पहिल्या आठ प्रतिज्ञा बघा, सगळ्या हे मानणार नाही, ते करणार नाही अशा. माणूस काय मानतो याला एवढं महत्त्व कशाला? कुणी विठ्ठल म्हणेल, कुणी बुद्ध म्हणेल. आतला भाव खरा पाहिजे. मन निर्मळ असलं की धर्म कुठलाही चालतो, आणि मन मळकट असलं की कुठलाच धर्म उपयोगाचा नाही.

वाचायला गोड आहे. दुसरं वाक्य तर अर्धं खरं आहे. पण पहिल्या वाक्यापाशी माझं डोकं अडलं. चार रात्री अडलं. कारण निर्मळ मनाचा एक माणूस मी फार जवळून पाहिलाय.

गोष्ट १९७४-७५ ची. आमचं गाव पंढरीच्या वाटेवरचं. शाळेतले एक गुरुजी माळकरी. आषाढीची वारी पायी, एकादशी कडक, कीर्तनात टाळ घेऊन उभे राहिले की डोळ्यांतून धारा. ढोंग नाही. ढोंगी माणूस आम्हाला वासावरून कळतो, आमच्या पिढ्यान् पिढ्या त्याच वासात गेल्या. हा माणूस खरा होता. मी चौथीत. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बस म्हणाले. बा म्हणाला, पुस्तकं कुठली आणू? गुरुजींनी स्वतःच्या पोराची पुस्तकं दिली. रोज रात्री कंदिलापाशी गणितं घालायचे. पैसा घेतला नाही.

त्यांचं पोरगं आत सोप्यात बसायचं, मी बाहेर पडवीत. कंदील उंबऱ्यावर, म्हणजे उजेड दोघांना. नऊ वाजता चहा यायचा. पोराला पितळीत, मला कपात. तो कप कान तुटलेला, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. बाई वरून चहा ओतायच्या. पिऊन झालं की मी विसळायचो आणि कोनाड्यात पालथा घालायचो. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

परीक्षेत मी पास झालो तेव्हा गुरुजी रडले. "तू माझ्या पोटी जन्मायला पाहिजे होतास" म्हणाले. मनापासून म्हणाले.

पुढं शिकलो, नोकरीला लागलो, चळवळीत पडलो. २००३ साली कळलं, गुरुजी अंथरुणाला खिळलेत. गेलो. बाजेवर हाडांचा सापळा. मला ओळखलं, हात धरला, सोडेनात. सुनेला म्हणाले, "चहा टाक. आणि त्याचा कप आण." सून घुटमळली. शिकलेली पोरगी, तिला लाज वाटत होती. ती आतला कप घेऊन आली तर म्हातारा चिडला. "त्याचा आण म्हणतो ना!" आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "अठ्ठावीस वरसं झाली, तुझा कप मी कुणाला फुटू दिला नाही."

तोच कप. कान तुटलेला. धुऊनपुसून जपलेला.

मी चहा प्यालो. उठलो, कप विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला. हात आपोआप गेले. चळवळीत वीस वर्षं घालवलेले हात. गुरुजींनी माझं तोंड बघितलं असणार. म्हणाले, "बाळा, माझ्या मनात तसं काही नाही रे."

आणि ते खरं होतं हो. तीच तर पंचाईत आहे.

हरामखोराचं सोपं असतं. त्याच्यासाठी १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, मोर्चा आहे, वेळ आली तर दगड आहे. मनात काही नसलेल्या माणसाला कुठलं कलम लावता? त्याच्या मनात प्रेम होतं, आणि डोक्यात विटाळ होता. प्रेमानं विटाळ धुतला नाही. उलट विटाळानं प्रेमाला कामाला लावलं: कप जपायला. द्वेष असता तर तो कप कधीच फेकून दिला असता की.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच ही गाठ सोडवून ठेवली आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचलं, घाबरले आणि संमेलनच गुंडाळलं. बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापलं. त्यात ते हिंदू माणसाला क्रूर ठरवत नाहीत. ते म्हणतात की हा माणूस जात पाळतो ती दुष्टपणानं नव्हे, धार्मिकपणानं. भाविक आहे म्हणून पाळतो. तेव्हा दोष त्याच्या काळजात शोधू नका, त्याला जे शिकवलं त्या शास्त्रांत शोधा. ती शास्त्रं प्रमाण मानणं सुटल्याशिवाय वागणं बदलायचं नाही. आमच्यातले पुष्कळजण हे भाषण फक्त शिवीसारखं वापरतात. पण माझ्या गुरुजींविषयी इतकं न्यायाचं दुसरं कुणी बोललेलं मला तरी आठवत नाही.

गांधींनी त्याच वर्षी 'हरिजन'मधून उत्तर दिलं. धर्म त्याच्या वाईट नमुन्यांवरून जोखू नका, उत्तम नमुन्यांवरून जोखा, संतांकडं बघा, असा त्याचा मतलब. आमचे वर्गणीदार हेच म्हणतात, फक्त नाव न घेता. बाबासाहेबांनी त्यालाही जबाब दिला. वाईट नमुने एवढे ढिगानं आणि उत्तम इतके मोजके का, हे सांगा, म्हणाले. आणि संत? संतांनी माणूस आणि देव यांच्यातलं नातं बघितलं, माणूस आणि माणूस यांच्यातली झुंज त्यांची नव्हती. देवाच्या डोळ्यांपुढं सगळे सारखे, असं म्हटल्यानं कुणाच्या पाटाखालची जमीन हलत नाही.

गांधींचा हेतू खोटा होता असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला, हजारो माणसं गाडली गेली, आणि गांधी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. हेतू चांगलाच! सवर्णांच्या मनाला चटका बसावा हाच. पण त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही मेलेच असतील ना? त्यांना कसली शिक्षा? चांगल्या हेतूच्या खांद्यावर चुकीची समजूत बसली की ती अशी कुठंही जाऊन पोचते.

आता आमच्या चोखोबाकडं येऊ. भाव म्हणाल तर याच्याएवढा भाव कुणाचा? जन्मभर महाद्वाराबाहेर उभा राहिला. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळून मेला. वेठीचा मजूर मरतो तसा मेला. समाधी कुठं? महाद्वारापाशी, पायरीजवळ. मेल्यावरही आत नाही. यापेक्षा मला जास्त बोचतं ते निराळंच. आपला जन्म मागल्या जन्मीच्या दोषाचं फळ आहे, ही समजूत खुद्द चोखोबाच्या अभंगांत आहे. ज्यांनी त्याला बाहेर ठेवलं त्यांची समजूत आणि त्याची समजूत एकच. निर्मळातल्या निर्मळ मनालाही स्वतःचं बाहेर उभं राहणं रास्त वाटलं. त्याचा पोरगा कर्ममेळा मात्र थेट देवाला जाब विचारतो, आम्हाला असल्या जन्माला का घातलंस म्हणून. आमच्या चळवळीचा पूर्वज शोधायचा तर मी बापाला नमस्कार करून पोराच्या बाजूला जाऊन बसेन. बाबासाहेबांनी १९४८ चं 'द अन्टचेबल्स' ज्या तिघांच्या स्मृतीला वाहिलं त्यांत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखोबा आहे. म्हणजे प्रश्न त्याच्या आदराचा नाहीच.

तो दरवाजा उघडायला १९४७ साल उजाडलं. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून गावोगाव मनं वळवली, मेमध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा उघडला. साने गुरुजींच्या मनाविषयी मी शंका घेत नाही, घेणाऱ्याची जीभ झडो. पण त्याच वेळची दुसरी गोष्ट पंढरपूरकडं अजून सांगतात. आमचे पाय देवळात पडायच्या आधी कर्मठांनी मंत्र म्हणून देवाचं तेज एका घागरीत काढून घेतलं म्हणे. मूर्ती महारा-मांगांना, देव घागरीत! हसू नका. ती घागर सांभाळणारा माणूसही खोटा नव्हता, खऱ्या भक्तीनंच सांभाळत असणार. एकाचं मन म्हणतं दार उघडा, दुसऱ्याचं म्हणतं घागर झाका, आणि दोन्ही मनं सच्ची. आता वर्गणीदारसाहेब, तुमच्या नुसत्या मनाच्या तराजूवर या दोघांतला फरक कसा दाखवणार? दाखवायचा तर विटाळ खरा की खोटा, या मुद्द्यावर यावंच लागेल. तो मानण्या-न मानण्याचाच मुद्दा आहे.

फार लांब कशाला. पोरीच्या केसात जट निघाली म्हणून तिला यल्लम्माला सोडणारी आई. पोर जगत नाही म्हणून खंडोबाला मुरळी सोडायचा नवस बोललेला बाप. त्यांचा हेतू काय होता? पोर जगावी. त्याहून स्वच्छ हेतू जगात असतो का? मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासीविरोधी कायदा झाला, त्यानंतरही किती वर्षं आमच्याच वस्त्यांतल्या पोरी त्या स्वच्छ हेतूच्या वाटेनं शहराच्या कुंटणखान्यापर्यंत गेल्या. जट म्हणजे केसांचा गुंता, तेल-पाणी नसल्यानं होणारा, हे त्या आईला कुणी आधी पटवलं असतं तर कात्रीनं काम झालं असतं.

वर्गणीदारांनी पत्रात घातला नाही असा एक मोठा साक्षीदार त्यांच्या बाजूला आहे, तो मीच आणून देतो. तथागत. बुद्धानं कर्माची व्याख्या चेतनेवरून केली, कृतीमागच्या इराद्यावरून. यज्ञातल्या आहुतीवरून नव्हे, जन्मावरून नव्हे. म्हणजे हेतूलाच महत्त्व, असं कुणी म्हणेल. कबूल. पण मग अष्टांगमार्ग उघडून बघा. पहिलं अंग सम्मादिट्ठि, दुसरं सम्मासंकप्पो. आधी दृष्टी, मग संकल्प. हा क्रम काही चुकून लागलेला नाही. नजरच वाकडी असेल तर इरादा सरळ जाणार कसा?

आणि मिलिंदप्रश्नात तो राजा नागसेनाला विचारतो, जाणून पाप करणारा मोठा पापी की नकळत करणारा? आपण सगळे म्हणू, जाणून करणारा. नागसेन म्हणतो, नकळत करणारा. तापलेला लोखंडाचा गोळा आहे. एकाला ठाऊक आहे तो तापलाय, एकाला नाही. दोघांनी उचलला तर जास्त कोण भाजेल? ठाऊक नसलेला, कारण तो घट्ट धरतो. मला कप आठवला. अठ्ठावीस वर्षं घट्ट धरलेला.

हे झालं तिकडच्यांचं. संपादकीय इथं संपवलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण याच पत्राबरोबर आपल्या एका तरुण मित्राचंही कार्ड आलंय. तो लिहितो, वस्तीतल्या म्हाताऱ्या अजून चोरून देव ठेवतात, अशांची घरं झडती घेऊन साफ करायला हवीत, येता का?

गड्या, मी एकदा जाऊन आलोय. आमची आजी. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली आणि काही महिन्यांत आमच्या महारवाड्यानं देव्हारे नदीला नेले. आजीनं खंडोबाचे, बहिरोबाचे टाक फडक्यात बांधून स्वतःच्या हातानं डोहात टाकले. पाटलाच्या तोंडावर सांगितलं की या घरातला माणूस यापुढं मेलं ढोर ओढणार नाही, दारोदार भाकरी मागायला येणार नाही. गावानं दुकान बंद केलं, विहिरीची वाट बंद केली, कामं बंद केली. घरात दोन-दोन दिवस चूल नाही. बाई हटली नाही. हे मी ऐकलेलं. पाहिलेलं असं की १९८३ साली, कॉलेजातून सुट्टीला आलो असताना, रिकाम्या कणगीच्या बुडाशी मला शेंदूर फासलेला दगड सापडला. मरीआई.

मी पेटलो. पुस्तकं नवीन वाचलेली. तासभर भाषण दिलं, बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या आणि दगड ओढ्यात भिरकावला. आजी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी देवीला भीत न्हाय रं. पटकीत माझी दोन लेकरं एका दिसात गेली. तुमी जगावं म्हनून तिला गप बसवून ठिवली हुती."

देवी फेकली याचं मला आजही वाईट वाटत नाही. पटकी दूषित पाण्यानं येते, दगडानं थांबत नाही, आणि मरीआईचा गाडा ओढता ओढता आमच्या पिढ्या गेल्या. पण पटकी कशानं येते हे मी आजीला सांगितलंच नव्हतं. प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या होत्या. समजूत तिच्या डोक्यातून काढायची होती, मी कणगीतून काढली. ज्या बाईनं अख्ख्या गावाशी पंगा घेतला तिला दोन वाक्यं समजावून सांगायचा धीर मला नव्हता. झडतीला मी येत नाही, मित्रा. समजावायला बोलावशील तर येतो.

आता शेवटचं. हे लिहू की नको यात अंक आठ दिवस रखडला.

माझा थोरला भाऊ वस्तीच्या विहारात वंदना घेतो. आवाज खणखणीत. बावीस प्रतिज्ञा तो सांगतो आणि लोक मागून म्हणतात. नववी प्रतिज्ञा सगळी माणसं समान मानण्याची, दहावी समतेसाठी झटण्याची. दारूला शिवत नाही, खोटं बोलत नाही, वर्गणीच्या पैशाचा हिशेब पै-पैचा. त्याच्या पोरीनं, माझ्या पुतणीनं, लग्न ठरवलंय. नर्स आहे ती. मुलगा तिच्याबरोबर काम करतो. मातंग समाजातला.

दादानं मला बोलावून घेतलं. दार लोटलं. म्हणाला, "माझ्या मनात तसलं काय न्हाय. तुला ठावं हाय. पन धाकटीचं पुढं कसं व्हायचं? सोयरे काय म्हनतील?"

माझ्या मनात तसलं काय न्हाय. पडवी, कंदील, कोनाडा, सगळं डोळ्यांपुढनं सरकलं. आपल्या माणसांच्या लग्नाच्या जाहिराती काढून बघा. बौद्ध पाहिजे लिहितात, आणि कंसात न लिहिता कळवतात की महारातलाच बौद्ध. पहिल्या आठ प्रतिज्ञांनी जमीन साफ करून जी नववी लावायची, ती आम्ही तोंडपाठ केली. ब्रह्मा, विष्णू, महेश गेले. मांग आपल्यापेक्षा खालचा, हे राहिलं. ते कुठल्या देव्हाऱ्यात नव्हतंच, मग नदीला काय नेणार?

आणि मी? मी दादाला काय म्हणालो? "थोडं थांबू. पोरगी समजूतदार आहे, थांबेल." दोन महिने झाले त्याला. या दोन महिन्यांत जातिअंतावर दोन भाषणं केली, एक अंक काढला. परवा पुतणी घरी आली. तिनं एवढंच विचारलं, "काका, थांबायचं ते कशासाठी?" मला उत्तर आलं नाही. दादा निदान सोयऱ्यांना भितो. मी तर फक्त दादाच्या नाराजीला भीत होतो, आणि त्याला समजूतदारपणा म्हणत होतो. माझ्याही मनात काही नव्हतं.

पोरांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली आहे. तीस दिवस ती ऑफिसच्या फळ्यावर लागते, कुणालाही वाचता येते. साक्षीदार तीन लागतात. दोन मुलाकडचे आहेत, तिसरी सही माझी. काल रात्री दादाला सांगून आलो. त्यानं ऐकून घेतलं आणि आत जाऊन दार लावलं.